वीज चमकली, आता मोजा!

जूनमधली संध्याकाळ. जीवदानीच्या डोंगरावर काळे ढग दाटतात, पायथ्याच्या फुलपाड्यातली लाइट जाते आणि वीज कडाडते. घरातलं चार वर्षांचं पोर धावत येऊन आजीच्या पदरात तोंड खुपसतं. त्या क्षणी त्या इवल्याशा देहात केवढी धावपळ उडालेली असते! मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो, त्याचं नाव अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागताच तो इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते. विचार करायला सवड मिळायच्या आत शरीर पळायला तयार! याच भीतीने माणसाला आजवर जगवलं. म्हणून घाबरलेल्या मुलाला भित्रं म्हणू नये. त्याच्या आतला राखणदार जागा आहे, एवढंच.

मग ही भीती ओसरते कशी? १९२४ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. सशाशी खुशाल खेळणारी मुलंही त्याला दाखवली. मध्येच एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि पीटरची भीती परतली. पुन्हा सुरुवात केली. अखेर ससा बोटं कुरतडू लागला तरी पीटरने हात मागे घेतला नाही. जीवदानीच्या डोंगराच्या हजारावर पायऱ्या एका दमात कोण चढतं? धीराचंही तसंच आहे.

विजेची पहिली पायरी अगदी सोपी. घरातच, खिडकीपासून दूर, आजीच्या कुशीत बसायचं. चमक दिसली की मोजायचं: एक, दोन, तीन... प्रकाश तत्क्षणी दिसतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. सहापर्यंत मोजून झालं आणि मग गडगडलं, तर वीज साधारण २ किलोमीटर लांब. मघाशी कान झाकणारं पोर आता पुढच्या चमकेची वाट बघू लागतं. छाती अजून धडधडतेच, पण ओठांवर आकडे असतात. धैर्य म्हणतात ते हेच.

तेव्हा मूल जेवत नाही म्हणून बागुलबुवाला बोलावू नका, ‘एवढ्याला काय घाबरतोस’ असं म्हणून हसू नका. पुढच्या वेळी वीज चमकली की मुलाचा हात हातात घ्या आणि त्याच्याबरोबर मोजा.