एक छेद की चार?

यकृताच्या खालच्या अंगास एक लहानशी पिशवी असते; तीच पित्ताशय. तीत खडे होऊन वारंवार असह्य कळा येऊ लागल्या, म्हणजे ती काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. त्यानंतरही पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते व पचन चालू राहते.

१८८२ साली बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून ही शस्त्रक्रिया प्रथम केली. १९८५ साली जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी ती दुर्बिणीच्या साह्याने केली, आणि १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ही रीत भारतात आणली.

रूढ पद्धतीत पोट वायूने फुगवून, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या बहुधा चार छेदांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात. ती निरनिराळ्या दिशांनी येत असल्याने हातास मोकळीक मिळते. एकछेदी पद्धतीत हे सर्व बेंबीतील दोनेक सेंटिमीटरच्या एकाच छेदातून होते. व्रण बेंबीत लपतो, हा तिचा मोठा गुण. परंतु हत्यारे एकमेकांस अडतात, वेळ अधिक लागतो, आणि त्या जागी पुढे अंतर्गळ होण्याचा संभव काहीसा वाढतो.

खरे भय निराळेच आहे. मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली, तर रोग्यावर मोठेच संकट ओढवते. म्हणून आतील रचना स्पष्ट दिसेना, तर कुशल शल्यवैद्य आणखी छेद घेतो, प्रसंगी पोटही उघडतो. ती हार नव्हे. तो विवेक होय. व्रण किती लहान, यापेक्षा रोगी किती सुरक्षित, हीच शस्त्रक्रियेची खरी कसोटी.