पाहुण्यांचा सेवक सेझार रिट्झ
युरोपीय राजधान्यांतील राजेशाही हॉटेलांत उतरणाऱ्यास खोलीलगतच्या स्नानगृहाचें आज नवल वाटत नाहीं. १८९८ सालीं सेझार रिट्झनें पॅरिसांत आपलें हॉटेल उघडलें, तेव्हां ही सोय विरळाच होती. स्विस शेतकऱ्याचा हा तेरावा मुलगा. वाढप्याच्या कामापासून वर चढलेला! दिव्यांचा उजेड मुद्रेस खुलवील असा हवा, म्हणून पत्नीस समोर बसवून त्यानें छटा पारखल्या. आपल्याकडे अतिथि हा देव. येथें मात्र देवासच दक्षिणा मोजावी लागते. १९०२ च्या जूनमध्यें सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक शस्त्रक्रियेमुळें ऐन वेळीं लांबला. लंडनच्या कार्लटन हॉटेलांत रिट्झनें केलेली जय्यत तयारी वाया गेली, आणि पाहुण्यांसाठीं झिजलेलें त्याचें मन खचलें तें कायमचेंच. १९१८ सालीं तो वारला. पॅरिसचें हॉटेल अजून त्याच्याच नांवानें चालतें.