बावट्याची रीत

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येतं: बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला. प्रत्यक्षात त्या खांबावर कापड नसतं. दिवसा काळे शंकू आणि पिंपासारखे आकार चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. तरी कोळी, खलाशी आणि बातमीदार, सगळे त्याला बावटाच म्हणतात.

आम्हा लालबाग-परळच्या माणसांना हा शब्द समुद्राकडून कळला नाही. आमच्याकडे बावटा म्हणजे लाल बावटा. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि तिला तिच्या लांबलचक नावाने हाक मारायची गरजच उरली नाही. ‘लाल बावटा’ म्हटलं की पुरे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी काढलेल्या कलापथकाचं नावही तेच. समुद्रावरच्या बावट्यालाही रीतभात असते, तो कुणी, कुठे, कधी लावायचा याचे कायदे असतात आणि त्यासाठी दंडही होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं. ही रीत मुंबईत आणली ती हौसेने शिडाच्या होड्या हाकणाऱ्या इंग्रजांनी. तिचा मागोवा घ्यायला अपोलो बंदरावर जावं लागतं.

बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला ‘रॉयल’ केलं आणि निळ्या निशाणावर हिंदुस्थानचा तारा नि मुकुट मिरवायची परवानगीही दिली. आज वाटतं, एवढं काय त्यात? पण इंग्रज दर्यावर्दीच्या लेखी यात फार काही होतं. १८६४ पर्यंत ब्रिटिश आरमाराचेच तीन भाग होते, लाल, पांढरा आणि निळा. त्या साली वाटणी झाली: पांढरं निशाण लढाऊ जहाजांना, लाल व्यापारी जहाजांना, निळं राखीव दलाला आणि सरकारी नोकरीतल्या जहाजांना. खासगी होडीने लावायचं ते लालच. त्यातून निवडक क्लबांना निळ्याची सनद मिळे, आणि पांढऱ्याचा मान खासगी क्लबांपैकी फक्त काऊजच्या रॉयल यॉट स्क्वॉड्रनला, तोही १८२९ पासून. आपल्याकडे पालखीपुढे अब्दागिरी कुणाची चालावी यावरून भांडणं व्हायची, तसलाच हा प्रकार, फक्त पाण्यावरचा. सनद होडीवर हवी, मालक स्वतः होडीवर हवा, नसेल तर मानाचं निशाण उतरवून साधं लाल लावायचं. नियम मोडला तर १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टखाली पाचशे पौंडांपर्यंत दंड व्हायचा, आणि अधिकारी होडीवर चढून ते कापड जप्त करायचे.

रोजची शिस्त वेगळीच. सकाळी आठला निशाण चढवायचं, हिवाळ्यात नऊला. सूर्यास्ताला उतरवायचं, आणि विलायतेतल्या लांबलेल्या उन्हाळ्यात सूर्य मावळायची वाट न पाहता रात्री नऊला. त्याची जागा होडीच्या मागच्या टोकाला. क्लबचा छोटा तिकोनी झेंडा, ज्याला ते बर्जी म्हणतात, डोलकाठीच्या शेंड्याला. परक्या देशाच्या पाण्यात शिरलं की त्या देशाचं छोटं निशाण उजव्या बाजूला चढवायचं. पाहुण्याने घरात शिरताना चपला काढाव्यात तसं. वाटेत लढाऊ जहाज भेटलं तर आपलं निशाण थोडं खाली आणून सलाम करायचा, त्याने उत्तर दिल्यावर पुन्हा वर न्यायचं. आणि फाटकं निशाण लावायचं नाही. यातले बरेच नियम कायद्यात नाहीत, नुसते पाळले जातात. इंग्रज माणूस कायदा एकवेळ वाकवील, शिरस्ता नाही.

पिवळ्या झेंड्याची गोष्ट मुंबईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. पूर्वी तो रोगराईची, विलग ठेवल्याची खूण होता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला आणि मुंबईहून निघालेलं जहाज म्हटलं की परक्या बंदरांत कपाळावर आठी चढू लागली. आता त्याच पिवळ्याचा अर्थ उलटला आहे: आमच्या जहाजावर सगळे धडधाकट आहेत, आत यायची परवानगी द्या.

अपोलो बंदरावर १८८१ मध्ये क्लबची देखणी इमारत उभी राहिली. एतद्देशीयांना तिथे सभासदत्व नव्हतं. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना आपल्या हिंदी पाहुण्यांना क्लबात नेता येईना म्हणून त्यांनी वेगळा क्लबच काढला, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात. म्हणजे निळ्या निशाणाखाली वारा सगळ्यांचा, पण बसायला खुर्ची ठरावीकांनाच. समोरच्याच पाण्यात कोळ्यांच्या होड्या होत्या. त्यांच्या काठीला एकवीरेच्या नावाचा झेंडा, जाळं कुठे टाकलंय ते कळावं म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या बांबूला फडकं, नारळी पौर्णिमेला डोलकाठीपासून नाळेपर्यंत पताका. याला कुणाची सनद नव्हती आणि कुणी मागितलीही नाही.

सरकारी आरमाराची रीत याच बंदरात रुजली. रॉयल इंडियन मरीनला १९२८ मध्ये पांढरं निशाण मिळालं, १९३४ मध्ये तिची रॉयल इंडियन नेव्ही झाली. दुसऱ्या महायुद्धाआधी जहाजांवर राबणारे खलाशी बहुतेक कोकणातले, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान पुष्कळ. पांढऱ्या कापडावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस रोज सकाळी चढवायचा आणि संध्याकाळी घडी घालून ठेवायचा, हे काम त्यांचं.

आणि इथे गोष्ट फिरते. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न आणि तळाचा प्रमुख कमांडर किंग याची शिवीगाळ ही तात्कालिक कारणं. भिंतींवर ‘जय हिंद’, ‘क्विट इंडिया’ लिहिल्याबद्दल तिथलेच खलाशी बी. सी. दत्त आधीच पकडले गेले होते. ‘तलवार’ हे साधं जहाज नव्हतं की साधा तळ नव्हता. ती संदेशवहनाची शाळा होती. तिथली मुलं निशाणं आणि तारायंत्र हेच शिकत होती. बंड पुकारलं ते नेमकं झेंड्यांची भाषा शिकणाऱ्यांनी, हा तपशील इतिहासात सहसा एका ओळीत उरकला जातो. मला त्या अख्ख्या प्रकरणाचा कणा तोच वाटतो. दुसऱ्या दिवसापर्यंत लोण बंदरातल्या जहाजांवर पोचलं. निशाणाची रीत ज्यांना पाठ होती, त्यांनीच ती मोडली. राजाचं निशाण उतरलं, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा एकत्र चढले. एम. एस. खान संप समितीचे अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. ‘नर्मदा’ जहाजाच्या डेकवर बैठका होत होत्या, गेटवेला गिरगाव-फोर्टातली माणसं खलाशांसाठी डबे नि फळं घेऊन येत होती. २१ ला कॅसल बराकीत गोळीबार झाला.

२२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली आणि गिरण्या बंद पडल्या. समुद्रावरचा बावटा आणि गिरणगावचा बावटा त्या दिवशी खऱ्या अर्थाने भेटले. काँग्रेसच्या पुढाऱ्यांना हे नको होतं. परळला लष्कराच्या गोळीने कमल दोंदे या कार्यकर्त्या ठार झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. खाली मान घालून कामाला जाणाऱ्या माणसांचं शहर असं मुंबईचं वर्णन करणाऱ्यांनी परळ-लालबागचे ते दिवस विसरू नयेत, असं वाटतं.

शरण जा, असा सरदार पटेलांचा निरोप आला, आणि संप समितीने तसं ठरवलं. त्याचीही रीत इंग्रजांनी घालून दिली होती: मोठा काळा किंवा निळा बावटा चढवा, सगळे खलाशी मुंबईकडच्या बाजूला डेकवर उभे करा. शरणागतीचं निशाण पांढरं, हे आपल्याला शाळेत शिकवतात; इथे पांढरं तर राजाच्या आरमाराचं, म्हणून ते चालणार नव्हतं की काय कोण जाणे. २३ च्या सकाळी काळे बावटे चढले.

स्वातंत्र्यानंतर एक गंमत झाली. राज्य गेलं, निशाणाचं व्याकरण तसंच राहिलं. २६ जानेवारी १९५० पासून नौदलाच्या पांढऱ्या निशाणावर युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, क्रूस मात्र पुढे पन्नास वर्षं होता. १५ ऑगस्ट २००१ ला तो काढून निळं नौदलचिन्ह घातलं, तर ते आकाश आणि पाण्याच्या रंगात हरवू लागलं. निशाण लांबून ओळखू आलं पाहिजे ही मूळ गरजच भागेना. २००४ मध्ये क्रूस परत आला, मध्यावर अशोकस्तंभ घेऊन. शेवटी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना तो गेला, आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली.

यॉट क्लबची समुद्राकाठची ती इमारत अणुऊर्जा आयोगाकडे गेली. १९४९ मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही तिथेच होती. क्लब रस्त्यापलीकडच्या आपल्या वास्तूत गेला, आणि हिंदी सभासद आले. सामान्य नागरिकाला मात्र वर्षभर तिरंगा लावायची मोकळीक जानेवारी २००२ मध्ये मिळाली. २०२२ पासून तो घरावर रात्रीही फडकवता येतो. शिडाच्या होड्यांवर सूर्यास्ताचा शिरस्ता अजून आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ निघाली. मांडवी नदीचं नाव ल्यायलेली, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली शिडाची होडी. तीवर एकटे कमांडर दिलीप दोंदे. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन, आणि मे २०१० मध्ये परत मुंबई: एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. नौदलाची होडी म्हणून मागच्या टोकाला पांढरं निशाण, त्यावर तिरंगा, लाल क्रूस आणि अशोकस्तंभ. फॉकलंडच्या थंड वाऱ्यात, पोर्ट स्टॅनलीच्या धक्क्यावर, जिथे आजही ब्रिटिश राज्य आहे, तिथे ते कापड एका मराठी माणसाने आठ वाजता चढवायचं आणि सूर्य मावळताना उतरवायचं.

परवा ससून डॉकला एका तांडेलाला विचारलं, तुमच्या बोटीवर तिरंगा आहे, तो संध्याकाळी उतरवता का? तो बर्फाची पाटी खाली ठेवत म्हणाला, “समिंदरात कशाला उतरवायचा? फाटला की बदलतो.”