एका यंत्रातली चार बिऱ्हाडे

‘व्हर्च्युअल मशीन’ला मराठीत ‘आभासी यंत्र’ म्हणतात. मी मराठी शिकवतो, आणि हा शब्द मला पटत नाही. मृगजळ आभासी असते, त्याने कुणाची तहान भागत नाही. ही यंत्रे खरोखर राबतात. मी त्यांना बिऱ्हाडे म्हणेन. १९६७ च्या सुमारास आय.बी.एम.च्या सिस्टिम/३६० मॉडेल ६७ या संगणकात अशी बिऱ्हाडे नांदू लागली. प्रत्येकाला वाटे, सबंध वाडा आपलाच!

चार अर्धरिकामी यंत्रे चालवण्यापेक्षा एकच भरलेले बरे, ही काटकसर उघड आहे. पण काही बिऱ्हाडांना मुदत असते. मोटारीच्या ब्रेकचा हिशेब अचूक असून उशिरा आला, तर तो चुकलाच म्हणायचा. शेजारच्या बिऱ्हाडातले गाणे क्षणभर अडखळले तरी बिघडत नाही.

आता विजेचे गणित पाहा. वेग निम्मा केला आणि विजेचा दाब तोच ठेवला, तर बचत शून्य. काम दुप्पट वेळ चालते. पण कमी वेगाला दाबही कमी पुरतो. तो सात-दशांशावर आणला, की त्याच कामाला जवळजवळ निम्मीच वीज लागते. तेव्हा घाईने उरकून स्वस्थ बसण्यापेक्षा मुदत गाठून सावकाश केलेले बरे. (फार सावकाशही नको; जागी चिप नुसती गळतीनेही वीज खाते.)

‘ज्याची मुदत आधी, त्याचे काम आधी’ हा नियम पाळला आणि ठरावीक काळाने येणाऱ्या सर्व कामांची एकूण मागणी शंभर टक्क्यांच्या आत राहिली, तर कुणालाच उशीर होत नाही, हे लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली सिद्ध केले. मागणी साठ टक्के असेल, तर वेगही साठ टक्के पुरे. २००१ साली मिशिगन विद्यापीठातल्या पिल्लई आणि शिन यांनी, काम अंदाजापेक्षा लवकर संपले तर उरलेल्या वेळेत वेग उतरवण्याच्या रीती दाखवल्या.

मौज अशी, की घरमालकाला, म्हणजे ‘हायपरव्हायजर’ला, बिऱ्हाडांच्या आतल्या मुदती दिसत नाहीत. एकाने वेग उतरवला तर शेजाऱ्याचा ब्रेक उशिरा लागायचा! म्हणून वेगाची किल्ली मालकाकडेच हवी, आणि प्रत्येकाने आपला हिस्सा आधी सांगायला हवा. तरीही एक खोच उरते. दर १० मिलिसेकंदांत ३ मिलिसेकंद द्यायचे ठरले आणि मागाहून वेग निम्मा झाला, तर त्या तिनात दीडाचेच काम होते. म्हणून वेग उतरवताच तिनाचे सहा करावे लागतात. आणि सर्वांचे वाढीव हिस्से दहात मावत नसतील, तर जळो ती वीज, वेग उतरवायचाच नाही.