शुक्राणू येण्याआधीच

अंडपेशी निपचित पडून असते आणि शुक्राणू येऊन तिला विभाजनाला लावतो, हा समज इतका रुळला आहे की त्यावर शंका घ्यायचे सहसा कुणाला सुचत नाही. समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांत मात्र तो सरसकट टिकत नाही. तारामाशाची अंडपेशी अंडाशयात असतानाच अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर अडून राहते. तिचे टपोरे केंद्रक साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसते. तिला पुढे सरकवते १-मिथिलॲडेनिन नावाचे एक छोटे रसायन. चेतातंतूंतून आलेल्या संप्रेरकाचा इशारा मिळाला की भोवतालच्या पुटकपेशी ते तयार करतात. जपानच्या हारुओ कानातानी यांनी सहकाऱ्यांसह १९६९ साली ते ओळखले. समुद्राच्या पाण्यात ते किंचित मिसळले, की साधारण अर्ध्या तासात केंद्रकाचे आवरण विरते. मग शुक्राणूचा पत्ता नसतानाही दोन ध्रुवपिंड बाहेर टाकून अंडपेशी अर्धसूत्री विभाजन पुरे करते.

मग हे रसायनच आत शिरून सगळे घडवत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण बारीक सुईने ते थेट पेशीच्या आत सोडले तर काहीच होत नाही. बाहेरून लागले तरच काम होते. म्हणजे निरोप पृष्ठभागावरच घेतला जातो. शिवाय रसायन लावलेल्या अंडपेशीतला थोडा पेशीद्रव दुसरीत टोचला, तर रसायनाशिवाय तीही परिपक्व होते. यामागचे सायक्लिन-बी आणि त्याच्या जोडीचे विकर अंडपेशीत आधीपासून तयार असते, फक्त कुलूपबंद. बाहेरचा संकेत ते कुलूप काढतो, यंत्रणा पुरवत नाही.

यावर कुणी सागरी अर्चिनचा दाखला देईल. त्याची अंडपेशी अर्धसूत्री विभाजन आटोपूनच बाहेर पडते, आणि एरवी पुढचे विभाजन शुक्राणूनेच सुरू होते. हे खरे, पण जॅक लोब यांनी १८९९ साली मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्रजलात ठेवलेल्या अंडपेशींतून शुक्राणूविना अळ्या मिळवल्या होत्या. शुक्राणू आल्यावर अंडपेशीच्या आतले कॅल्शियम एकदम वाढते, आणि तेवढी वाढ कृत्रिमरीत्या केली तरी ती जागी होते. म्हणून शुक्राणू फालतू ठरत नाही: निम्मी गुणसूत्रे त्याचीच, आणि विभाजनाची तर्कू उभी करणारे केंद्रही अर्चिनमध्ये तोच आणतो. स्पिसुला या शिंपल्यात तर अंडपेशी पहिल्या टप्प्यावर अडलेली असतानाच शुक्राणू आत शिरतो आणि अडलेले विभाजन तिथून पुढे जाते. तिथे रूढ समज खरा ठरतो. पण शुक्राणूऐवजी नुसते सेरोटोनिन दिले, तरी त्या अंडपेशीचे केंद्रक विरतेच.