बापाला भिडलेला राजपुत्र

दिवाळी अंकात महाभारतावर लेख म्हटला की कर्ण आलाच. १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली, तेव्हापासून आपली राजपुत्रांची रांग कर्णापाशी सुरू होते आणि अभिमन्यूपाशी संपते. मी मात्र बभ्रुवाहनाचा हट्ट सोडलेला नाही. अर्जुन-चित्रांगदेचा हा मुलगा, मणिपूरचा राजा. सख्ख्या बापाला त्याने रणात लोळवले.

त्याची मराठी पोथी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाची. सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हातावेगळे करून १७१५ साली ‘जैमिनी अश्वमेध’ रचला. सुधन्वा, मयूरध्वज, प्रमिलेचे स्त्रीराज्य, हे अश्वमेधाच्या घोड्याचे मुक्काम वाचकांना ठाऊक आहेत. घोडा मणिपुरात शिरतो तिथे थांबू.

व्यासांकडे मुलगा नम्रपणे सामोरा येतो आणि अर्जुन चिडतो: क्षत्रिय असून लढत का नाहीस? उलूपी, म्हणजे सावत्र आई, मुलाला युद्धाला उभे करते. अर्जुन पडतो, मुलगाही मूर्च्छित होतो. तेव्हा चित्रांगदा उलूपीला म्हणते, हा पोर खुशाल पडून राहू दे, पण धनंजय उठू दे. सख्ख्या आईच्या तोंडचे हे बोलणे पचवायला मला बरीच वर्षे लागली. पुढे उलूपी नागमण्याने अर्जुनाला उठवते आणि खुलासा करते: भीष्मांना पाडल्याबद्दल वसूंनी दिलेला शाप यातून फिटला.

जैमिनीची कथा याहून जहाल आहे. घोडा बापाचा आहे हे कळताच मुलगा नजराणे घेऊन येतो, तर अर्जुन त्याला लाथ मारतो, त्याचे क्षत्रियपणच नाकारतो. मग होते ते युद्ध, आणि त्यात कर्णपुत्र वृषकेतूही पडतो. जैमिनी इथेच रामाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या लव-कुशांची कथा सांगतो. बाप न ओळखणारी मुले आणि मुलगा न ओळखणारा बाप, अशी ही जोडी त्याने मुद्दाम लावली आहे. ‘जैमिनी म्हणजे व्यासांत नसलेली भाकडकथा’ असे म्हणणारे विद्वान मला भेटतात. त्यांनी ही जुळणी एकदा नीट पाहावी.

सोलापुरात तर ही कथा तिन्ही भाषांत नांदते. अक्कलकोटकडच्या कन्नडात लक्ष्मीशाचा ‘जैमिनी भारत’, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत पिल्ललमर्री पिनवीरभद्राचा ‘जैमिनी भारतमु’, आणि मराठीत आपले श्रीधर. १९७७च्या ‘बब्रुवाहन’ या कन्नड चित्रपटात राजकुमारांनी बाप आणि मुलगा दोघेही रंगवले. मराठी मंचाने ‘सौभद्र’ १८८२पासून डोक्यावर घेतले, म्हणजे अर्जुनाचे लग्न आपण गात बसलो. त्याच्या दुसऱ्या संसाराची चौकशी कोणी केली नाही.

पूर्वी चातुर्मासात पोथी लागायची, वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. आता श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ तेवढे पूजासाहित्याच्या दुकानात मिळते, तेही बहुतेक अकराव्या अध्यायापुरते वाचले जाते. ‘जैमिनी अश्वमेध’ मागितला की दुकानदार नवनाथ पुढे करतो.

म्हणून विनंती एवढीच: येत्या चातुर्मासात बभ्रुवाहनाचे आख्यान तिन्ही भाषांत एका बैठकीत वाचायचे माझ्या मनात आहे. मराठी मी वाचीन. कन्नड आणि तेलुगू वाचणाऱ्यांनी अंकाच्या संपादकांकडे नाव कळवावे.