जुन्याचा बाजार (भाग ५) : डिस्क द्या, क्रेडिट घ्या

मागच्या भागात वापरलेल्या पाठ्यपुस्तकांचा व्यापार पाहिला. व्हिडिओ गेमच्या डिस्कचा भाव त्याहून वेगाने उतरतो, आणि तरीही अमेरिकेत जुन्या गेमचा धंदा नव्यापेक्षा किफायतशीर ठरला.

या धंद्यावर कित्येक वर्षे पकड होती ती टेक्सासमधल्या गेमस्टॉपची. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स बुटीक हा मोठा प्रतिस्पर्धी विकत घेतल्यावर तिच्या तोडीची साखळी उरलीच नाही. काउंटरवरचा व्यवहार साधा. मुलगा खेळून संपवलेली डिस्क आणतो, विक्रेता ती उजेडात तिरकी धरून ओरखडे बघतो, डबी तपासतो, बारकोड मारतो आणि पडद्यावरचा आकडा सांगतो. साठ डॉलरच्या ताज्या गेमचे समजा पंचवीस डॉलर. हे दुकानातच खर्च करायचे क्रेडिट. रोख हवी तर रक्कम आणखी कमी. तीच डिस्क मग पंचावन्न डॉलरचं लेबल लावून शेल्फवर जाते. नव्या गेमच्या विक्रीत दुकानाला जेमतेम पाचवा हिस्सा सुटायचा, जुन्याच्या विक्रीत जवळपास निम्मा.

एवढा मलिदा दिसल्यावर बाकीचे गप्प बसणार थोडेच! २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने टपालाने जुने गेम घेणं सुरू केलं. बेस्ट बाय आणि वॉलमार्टने दुकानांत गेम घेणारी यंत्रं ठेवून पाहिली. खरा दणका मार्च २०१४ चा : वॉलमार्टने सुमारे ३,१०० दुकानांत गेम घेण्याची घोषणा केली आणि गेमस्टॉपचा शेअर घसरला. वॉलमार्टच्या क्रेडिटवर दूध, टायर, डायपर, काहीही घेता येणार होतं.

बाजाराला ही चाल निर्णायक वाटली, पण माझ्या मते वॉलमार्टने गिऱ्हाईक नीट ओळखलं नव्हतं. डायपर घेणाऱ्या आईला ती योजना सोयीची होती. डिस्क परत करणाऱ्या पोराला मात्र पुढची डिस्क हवी असते, आणि ती आजच. आपल्याकडच्या क्रेडिटपैकी साधारण सत्तर टक्के रक्कम नव्या मालातच जाते, असं गेमस्टॉप सांगे. म्हणजे तिच्या हातचं क्रेडिट ही पुढच्या विक्रीची उचलच होती. शिवाय जुना माल कारखान्यातून मागवता येत नाही, तो लोकांच्या कपाटांतून निघतो. कोणत्या गेमची लाट ओसरतेय, कशाला किती द्यायचं, हा अंदाज रोजच्या खरेदी-विक्रीतूनच येतो. वॉलमार्टकडे दुकानं अफाट, पण ही नजर नव्हती. अ‍ॅमेझॉनकडे आकडेमोड होती, पण तिथे डिस्क पाकिटात घालून धाडायची आणि वाट बघायची. पोरं वाट बघत नाहीत.

या सगळ्यात प्रकाशक चडफडत होते, कारण दुसऱ्यांदा विकलेल्या डिस्कमधून त्यांना छदामही मिळत नाही. कायदा दुकानाच्या बाजूने : विकत घेतलेली प्रत पुढे विकायला कॉपीराइटच्या मालकाची परवानगी लागत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये एका कादंबरीच्या खटल्यात ठरवून टाकलं होतं. मग इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१० मध्ये 'ऑनलाइन पास' काढला : नव्या प्रतीत कोड फुकट, जुनी घेणाऱ्याने इंटरनेटवर खेळायला वेगळे पैसे मोजायचे. बोंबाबोंब झाली आणि २०१३ मध्ये तो गुंडाळला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या देवघेवीला वेसण घालायचं जाहीर केलं. सोनीने लगोलग आपल्या मंचावरून 'आमच्याकडे अशी बंधनं नाहीत' म्हणत टाळ्या मिळवल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच माघार घेतली.

पण प्रकाशकांना जे भांडून साधलं नाही ते डाउनलोडने आपसूक साधलं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खात्याला चिकटतो, तो काउंटरवर नेऊन ठेवता येत नाही. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची एक आवृत्ती डिस्कची खाचच नसलेली आली. वॉलमार्टला पुरून उरलेल्या गेमस्टॉपला पुढे शेकड्यांनी दुकानं बंद करावी लागली.

पुढच्या आठवड्यात : जपानमधले जुन्या गेमचे दुकानदार आणि २००२ चा निकाल.